बँजो छान वाजवता तुम्ही

माझा नवरा बँजो वाजवायचा. पुण्याला फोनवर हे सांगितलं की मावशीच्या डोळ्यांपुढे टेम्पोवर बसलेली, एकसारखे पिवळे शर्ट घातलेली बँजो पार्टी यायची आणि ती काळजीनं विचारायची, "का गं, नोकरी गेली का त्याची?" नोकरी कुठे जातेय. इथे जपानात, तोयोसुच्या टॉवरमध्ये बसून तो एका बँकेची सिस्टिम सांभाळायचा, अजूनही सांभाळतो. इथल्या मराठी मंडळींनी तर एका वर्षी त्याला विसर्जनाला वाजवायला बोलावलं होतं. तो भिडस्त, हो म्हणून बसला असता. मीच सांगितलं की तो बँजो वेगळा आणि हा वेगळा.

हा अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातला. डफाला लांब दांडी ठोकावी तसा दिसतो. तारा पाच, त्यातली पाचवी आखूड, दांडीच्या मध्यातूनच सुरू होणारी. उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या घालून तो इतका भराभर वाजवतात की फोडणीत मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. त्या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. मला ते कधी आवडलं नाही, पण माझ्या आवडीनिवडीचा इथे प्रश्न नाही.

ओजिमाच्या सरकारी वसाहतीत आम्ही राहायला आलो तेव्हा मुलगी लहान होती. स्टेशनवरून घरी येताना वाटेत एका इमारतीच्या तळघरात बार होता आणि दर शनिवारी संध्याकाळी तिथून हा तडतडाट वर यायचा. नवरा एकदा डोकावायला म्हणून जिना उतरला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा मी आधी एकदाच तसा पाहिला होता, मुलगी झाली तेव्हा. महिनाभरात घरात बँजो आला. मग खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी तक्रार केली, वसाहतीच्या ऑफिसातून सूचनेचा कागद आला, आणि मी माझी एक जुनी सुती साडी फाडून तिचा बोळा त्या बँजोच्या पोटात कोंबला. त्यानं आवाज निम्म्याहून कमी होतो. घरात तो कायम त्या बोळ्यासकटच वाजवायचा आणि मुलगी आतून जपानीत ओरडायची, "पापा, उरुसाइ." म्हणजे कटकट नको.

त्या बारमध्ये त्याला गुरू भेटले. मी त्यांना म्हातारा म्हणते. नवरा चिडायचा, सेन्सेई म्हण म्हणायचा. मी म्हाताराच म्हणत आले.

म्हाताऱ्याची कहाणी नवऱ्यानं बरीच वर्षं थेंबथेंब गोळा केली. कॉलेजात असताना अमेरिकन लष्कराच्या रेडिओवर त्यांनी हा बँजो ऐकला आणि अभ्यास सोडला. विशी सरायच्या आत बोटीनं अमेरिकेला गेले. तिकडे हॉटेलात भांडी घासायची आणि सुट्टीच्या दिवशी जिथे कुठे जत्रा असेल तिथे वाजवायचं. लोक वाईट नव्हते, तीच तर पंचाईत. म्हातारा स्टेजवर चढायचे आणि पहिली तार छेडायच्या आत टाळ्या. जपानी असून किती छान वाजवतो! आपल्याकडे गोरी बाई नऊवारी नेसून आली की टाळ्या पडतात ना, तशा. "ते मला ऐकत नव्हते, बघत होते," असं ते नवऱ्याला म्हणाले होते. त्या टाळ्यांना कंटाळून ते परत आले.

परत येऊन केलं काय, तर उन्हाळ्यात डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर बिअर पिणाऱ्यांपुढे काउबॉय टोपी घालून वाजवलं, नाताळात हॉटेलांच्या लॉबीत वाजवलं, एका बिस्किटाच्या जाहिरातीत वाजवलं. दिवसा कुरिअरची व्हॅन चालवली. बायको गेली, म्हणजे देवाघरी नाही, ओसाकाला. मुलं झाली नाहीत. एवढं सगळं गेल्यावर हाती राहिलं ते नाव. देशभरात जे काही बँजोवाले असतील त्यांच्यात म्हाताऱ्याचं नाव घेतलं की लोक जरा सरळ बसायचे. बारच्या दारावरच्या पाटीवर बँडचं नाव होतं तेही म्हाताऱ्याच्याच नावावरून.

आता इथे न राहिलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. जपानात परक्या माणसानं तोंड उघडून नुसतं नमस्कार म्हटलं तरी समोरचा डोळे मोठे करून म्हणतो, "ओजोझु देसु ने." किती छान बोलता हो तुम्ही. काड्यांनी भात खाल्ला तरी ओजोझु. पहिल्या वर्षी आपण फुगतो. मग हळूहळू कळतं की हे पाहुण्याला म्हणायचं असतं. घरच्या माणसाच्या चुका काढतात. मी कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, बाइतो, म्हणजे तासांवरची नोकरी, करायला लागले, आणि ज्या दिवशी मॅनेजर सगळ्यांदेखत माझ्यावर खेकसला, "गरम डबा आणि आइस्क्रीम एका पिशवीत? अक्कल आहे का?" त्या दिवशी मी घरी येऊन आनंदानं शिरा केला होता.

म्हाताऱ्यानं नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, "हेता." म्हणजे भिकार वाजवतोस. नवरा तरंगत घरी आला. त्यानंतर दर रविवारी सकाळी तो म्हाताऱ्याच्या खोलीवर जायचा आणि दर रविवारी हेता ऐकून यायचा. नावानं हाक नाही, "ओइ" म्हणायचे, आपण गाडीवाल्याला ए म्हणतो तसं. बोटांची एकच फिरत महिनोन् महिने. "पुन्हा." झालं की "पुन्हा." एकदा अंगात ताप असताना गेला, मी नको नको म्हणत होते. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताप नसतानाही एवढंच वाजतं तुझं. म्हणजे तापाचं निमित्त चालणार नाही." मला हे कळल्यावर अशी चीड आली की मी बोलून गेले, एखादा दगड शिकला असता एव्हाना. नवरा हसत होता. त्याला चहा स्वतः करून घ्यावा लागायचा, बसायला चपलांच्या कपाटाशेजारची जागा, आणि याचं मला मेल्याहून मेल्यासारखं होत असताना तो मात्र सांगायचा, "अगं, ते मला घरचा समजतात."

म्हातारा स्वतः मात्र बँजोला हात लावत नसत. जाकिटाच्या खिशात उजवा हात घालून, डोळे मिटून बसायचे. बँडमधूनही त्यांनी आपण होऊन अंग काढून घेतलं होतं, आता नव्यांनी वाजवावं म्हणून. शनिवारी बारमध्ये पहिल्या खुर्चीत बसायचे, समोर त्यांचा ठरलेला ग्लास. नवऱ्याला यात काहीच वावगं वाटलं नाही. जुने उस्ताद असेच असायचे म्हणे, शिष्यापुढे वाद्य उघडायचेच नाहीत.

दिवाळीत मी बेसनाचे लाडू आणि चकल्या घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हाताऱ्यानं लाडू उचलला तो डाव्या हातानं. चकलीही डाव्या हातानं. चहाचा कप डावा. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षात आलं नसतं, पण डाव्या हातानं खाणारा माणूस मराठी बाईला टोचल्याशिवाय राहत नाही. भिंतीवर तरुणपणाचे फोटो होते, सगळ्यांत नख्या उजव्या हातात. घरी येताना ट्रेनमध्ये मी नवऱ्याला म्हटलं, "त्यांचा उजवा हात गेलाय. ते वाजवत नाहीत कारण त्यांना वाजवताच येत नाही आता."

"काहीतरीच बोलू नकोस."

"मग लाडू डाव्या हातानं का खाल्ला?"

"गुरूबद्दल असलं बोलू नये," तो म्हणाला आणि फोन काढून बसला. मी पुढे बोलले नाही. लहान मूल आहे का, किती समजवायचं.

खरं तर नवरा सोडून बारमधल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. पुढे मला सगळं कळलं. बोटं ऐकेनाशी झाली होती, मधलं बोट तळव्यात वळून बसायचं. म्हाताऱ्यानं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं की म्हातारा स्वखुशीनं निवृत्त झालाय. ठरवलं म्हणजे बोलून नव्हे. इथे अशा गोष्टी बोलत नाहीत, नुसतं सगळे एकाच दिशेला बघत नाहीत. म्हाताऱ्याचं उरलेलं सगळं आयुष्य, ती पहिली खुर्ची, तो ग्लास, दारावरची पाटी, त्या न बघण्यावर उभं होतं.

बँडचा म्होरक्या म्हणजे बारचा मालक. तो मँडोलिन वाजवायचा. म्हाताऱ्याचा कॉलेजपासूनचा दोस्त, आणि इतकी वर्षं त्याच्या स्वतःच्या बारवर पाटी मात्र दुसऱ्याच्या नावाची. पुढे नवऱ्याला बँडमध्ये घेतलं. म्हातारा फक्त म्हणाले, "माझी मान खाली जाईल असं वाजवू नकोस." त्या रात्री नवऱ्याला झोप लागली नाही, आनंदानं.

या बँडची एक रीत असते. सगळ्यांत मिळून माइक एकच, मधोमध उभा. ज्याची पाळी तो पुढे येतो, आपलं वाजवतो आणि मागे सरतो. पाळी कुणाची ते म्होरक्या हनुवटीच्या इशाऱ्यानं सांगतो. हनुवटी हलली की पुढे व्हायचंच. गाणं कुणासाठी थांबत नाही.

त्या वर्षी वसाहतीजवळच्या बागेत उन्हाळी जत्रा होती. ऊन मरणाचं. तळलेल्या नूडल्सचे ठेले, बर्फाचे गोळे, किमोनोतल्या पोरी, आणि एका टोकाला लहानसं स्टेज. आमचा बँड दुपारचा होता. म्हातारा पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीत, डोक्याला ती काउबॉय टोपी, डाव्या हातात जाहिरातीचा कागदी पंखा. मी दोन ओळी मागे मुलीबरोबर. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. सकाळी नवरा आंघोळ करून, देवापुढे बँजो ठेवून हात जोडताना मी पाहिला होता. मला वाटलं तेवढ्यावर भागलं.

शेवटचं गाणं जलद होतं. ते सुरू व्हायच्या आधी नवरा माइकशी आला आणि जपानीत सांगू लागला. चांगली भाषणं करतो तो, ऑफिसात सवय आहे. आज आमच्या देशात गुरूला वंदन करायचा दिवस असतो. मला जे येतं ते यांनी दिलं. तर आज या गाण्यातली माझी पाळी मी माझ्या गुरूंना देतो. असं म्हणून तो स्टेजवरून उतरला, गवतावर गुडघे टेकून म्हाताऱ्याच्या बुटांना डोकं लावलं, आणि स्वतःच्या नख्या आणि बँजो त्यांच्या मांडीवर ठेवला. लोक कौतुकानं आ वासून बघत होते. असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जोरात टाळ्या पडल्या.

म्हाताऱ्यानं पंखा खाली ठेवला. बारमधली नेहमीची माणसं आजूबाजूला बसली होती, ती सगळी आपापल्या गुडघ्यांकडे बघू लागली.

तरीही अजून वाचवता आलं असतं. म्हातारा हसून मान हलवून बसले असते तर म्होरक्यानं नुसतं पुढे होऊन स्वतः वाजवायचं होतं, आणि लोकांना वाटलं असतं गुरू विनयशील आहेत. म्होरक्यानं गाणं उचललं. भन्नाट लयीत. आणि म्हाताऱ्याकडे बघून हनुवटी हलवली. मला विचाराल तर मुद्दाम. मी त्याचं तोंड बघत होते. जेवायला बसलेल्या माणसाचं असतं तसं होतं ते तोंड.

म्हातारा उठले. नख्या चढवताना त्यांना डाव्या हातानं उजवी बोटं सरळ करावी लागली. माइकशी उभे राहिले. अंगठा चालत होता, तेवढाच. मधलं बोट तळव्यात जाऊन बसलं, पहिलं नुसतं थरथरलं. मग ते एकट्या अंगठ्यानं त्या आखूड पाचव्या तारेवर वाजवत राहिले. टंग. टंग. टंग. मागे बँड घोड्यासारखा धावतोय, कुणी लय तीळभर कमी केली नाही, आणि पुढे हे टंग, टंग. बागेतलं एक लहान पोर खदखदून हसलं आणि त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. म्हाताऱ्यानं पाळी पूर्ण केली. अर्ध्यात सोडली नाही. मागे सरले, कमरेत वाकले, आणि टाळ्या पडल्या. त्याच टाळ्या. अमेरिकेहून ज्यांना कंटाळून पळून आले होते त्याच. वाजवलं कसं ते कुणी ऐकलं नव्हतं.

बँजो त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला, वर "ओत्सुकारेसामा" म्हणाले, जे इथे ऑफिस सुटताना प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो. टोपी सारखी केली आणि उन्हातून स्टेशनकडे चालू लागले.

रविवारी शिकवणीला येऊ नका असा निरोप आला. भाषा इतकी अदबीची की नवऱ्यानं तो मला दोनदा वाचून दाखवला. बारच्या दारावरची पाटी पुढच्याच महिन्यात बदलली. आता तिच्यावर मँडोलिनवाल्याचं नाव आहे. पाटी बघून आल्यावर नवरा मला म्हणाला, "तुला माहीत होतं."

"मी सांगितलं होतं तुला. दिवाळीत."

"ठासून नाही सांगितलंस."

मला असा संताप आला की हातातली कढई आपटली मी. "ठासून? तुला देव हवा होता पुजायला, माणूस दिसतच नव्हता. पाया पडायच्या आधी एकदा हाताकडे बघायचं होतंस."

इथे माफी मागायला मिठाईचा खोका घेऊन जातात. चांगल्या दुकानाच्या पिशवीतून, सूट घालून. आम्ही तसे गेलो. मला नवऱ्याला एकट्याला पाठवायचं नव्हतं. दार उघडलं तेव्हा म्हातारा इस्त्रीच्या शर्टात होते. आमच्यापुढे पाहुण्यांच्या सपाता ठेवल्या. चपलांच्या कपाटाशेजारची जागा रिकामीच राहिली, आम्हाला त्यांनी आत उशांवर बसवलं. चहा स्वतः आणला, झाकणाच्या कपातून. आणि ते बोलू लागले ती भाषा मी ओळखली. ती मी दिवसभर बोलते, कोंबिनीच्या काउंटरमागून. गिऱ्हाइकाशी बोलायची भाषा.

नवऱ्यानं चटईवर कपाळ टेकलं. ते तसंच ठेवून माफी मागितली. म्हातारा म्हणाले, छे छे, त्रास तर माझाच झाला तुम्हाला इतकी वर्षं. मग त्यांनी विचारलं, भारतात आत्ता पाऊस असेल ना? रोज करी खाता का? आमचं आडनाव घेऊन, पुढे आदराचं सान लावून विचारलं. ज्या माणसानं याला ओइपलीकडे हाक मारली नव्हती, ज्यानं याच्या बोटांची नखं कशी कापलीत ते तपासलं होतं, तो याला आपल्या दारात पहिल्यांदाच आल्यासारखं हवापाणी विचारत होता. उजवा हात आज खिशात नव्हता. मांडीवर उघडा ठेवला होता, बघा म्हणून.

निघताना ते दारापर्यंत आले. नवरा बुटांच्या नाड्या बांधत खाली वाकला होता. त्याच्या डोक्यावरून, हसतमुखानं, म्हातारा म्हणाले, "बँजो ओजोझु देसु ने."

छान वाजवता हो तुम्ही.

नाड्या बांधणारे हात थांबले. या वाक्याला ठरलेलं उत्तर असतं, पहिल्या वर्षीच पाठ होतं आणि झोपेतही देता येतं. नवऱ्यानं ते दिलं. "नाही नाही, अजून कुठे." मग दार लागलं.

स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर नवरा म्हणाला, "एक शिवी तरी द्यायची होती गं त्यांनी." मला म्हाताऱ्याचा राग आला, याचा राग आला, आणि दोघांसाठी इतकं वाईट वाटलं की मी तिथेच बाकावर बसून रडले. शेजारच्या बाईनं जागा बदलली. मी त्याला होईल सगळं ठीक वगैरे म्हटलं नाही. होणार नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं बँजो मांडीवर घेतला. मला वाटलं वाजवणार. त्यानं मागचं झाकण उघडलं, आत हात घालून माझ्या साडीचा बोळा ओढून काढला, झटकला, नीट घडी केली आणि माझ्यापुढे धरला.

"घे," म्हणाला. "ओटा पुसायला होईल."

मी घेतला. काय करणार? अजून त्यानंच पुसते. जुनं सुती आहे, पाणी चांगलं टिपतं.